तारीख उलटून गेली: इंड्यूस करून (औषधाने कळा आणून) घ्यावं की कळांची वाट बघावी?

गोदाकाठ
पहिलंच बाळंतपण आहे, माहेरी नाशिकला आले आहे. वय २९. फाइलवरच्या तारखेप्रमाणे आज ४० आठवडे ३ दिवस झाले. बीपी, शुगर, थायरॉइड सगळं नॉर्मल. परवाच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी ९ सें.मी., बाळाचं वजन अंदाजे २.९ किलो, डोकं खाली. आज डॉक्टरांनी आतून तपासलं आणि सांगितलं की गर्भपिशवीचं तोंड बंद आहे, अजून कडक आहे, सोमवारी सकाळी ॲडमिट व्हा, जेल (तोंड मऊ करून कळा आणायचं औषध) लावू. मी विचारलं, थांबलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "थांबा की, पण मग जबाबदारी तुमची, तशी सही द्यावी लागेल." ते ऐकल्यापासून पोटात गोळा आलाय.

आई म्हणते, पहिलटकरणीचे दिवस वर जातातच, घाई कशाला. सासूबाई रोज फोनवर सांगतात की डॉक्टर म्हणतात ते ऐक, बाळाच्या जिवाशी खेळ नको. नवरा पुण्यात, तो म्हणतो तू ठरवशील ते. माझ्या दोन मैत्रिणींना जेल लावलं होतं, दोघींचंही शेवटी सीझर झालं. मला सीझरची भीती नाही, पण विनाकारण नको आहे. थांबले तर बाळाला खरंच किती धोका असतो? आणि जेल लावलं की सीझर होतंच का? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उत्तररात्र
अगं, जेल लावलं की सीझरच, असं अजिबात नाही. माझं उदाहरण देते. तारीख होऊन जवळजवळ आठवडा गेला होता. माझं तोंड आधीच दोन बोटं उघडलं होतं आणि डोकं चांगलं खाली बसलं होतं. सकाळी जेल लावलं. फ्रीजमधून काढलेली छोटी सिरिंज असते, लावल्यावर अर्धा तास पाठीवर निजवून ठेवतात, पोटाला ठोक्यांचा पट्टा बांधतात. दुपारपर्यंत नुसतं पाळीसारखं दुखत होतं. मग सलाइनमधून कळांचं औषध सुरू केलं आणि तिथून मात्र श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही. रात्री मुलगा झाला, नॉर्मल.

एक सांगते, सलाइनच्या कळा एकदम चढतात. मला एपिड्युरल (कळा सुसह्य करणारं पाठीतलं भुलीचं इंजेक्शन) मिळालं म्हणून निभावलं. तुझ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर रात्री असतात का, ते आत्ताच विचारून ठेव.

निशिगंध
माझं उलट झालं. ३९ आठवडे झाले आणि "आता बाळ पूर्ण वाढलंय, करून टाकू" म्हणून ॲडमिट केलं. कारण विचारलं तर धड उत्तर नव्हतं. तोंड बंद होतं. सकाळी जेल, दुपारी पुन्हा जेल, मग सलाइन, आणि संध्याकाळी "तोंड उघडत नाही, सीझर करू." बाळाचे ठोके शेवटपर्यंत उत्तम होते, पट्टीवर मी स्वतः बघत होते. लेक सुखरूप आहे, त्यापुढे काही नाही. पण एका दिवसात हा निर्णय का झाला, हा प्रश्न मला अजून पडतो. गोदाकाठ, तू आधी कारण विचार. तारीख उलटली हे कारण असेल तर ती तारीख कशी काढली तेही विचार.

डॉ_प्रसूतिकक्ष
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथून कोणालाही उपचार सांगता येत नाहीत, तपासलेल्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. तरी निशिगंध यांनी योग्य जागी बोट ठेवलंय म्हणून विचारते. गोदाकाठ, तुमची पाळी किती दिवसांनी यायची? आणि पहिल्या तीन महिन्यांतली पहिली सोनोग्राफी काढून बघा. त्यात किती आठवडे लिहिलेत, आणि त्या दिवशी पाळीच्या तारखेप्रमाणे किती होत होते? शेवटच्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख बघू नका, ती बाळाच्या आकारावरून काढतात आणि नवव्या महिन्यात ती दोन-तीन आठवडेही इकडेतिकडे असू शकते.

गोदाकाठ
डॉक्टर, खूप आभार. पीसीओडी होता, पाळी ३६-३८ दिवसांनी यायची. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी पाळीप्रमाणे ८ आठवडे १ दिवस होत होते, रिपोर्टवर मात्र ७ आठवडे ० दिवस आहे. फाइलच्या पहिल्या पानावर पेनाने पाळीवरून काढलेली तारीख लिहिली आहे आणि तीच पुढे प्रत्येक वेळी धरली गेली. मधे गाव बदलल्यामुळे डॉक्टरही बदलले. याने काही फरक पडतो का?

डॉ_प्रसूतिकक्ष
पडतो, बराच पडतो. जरा सविस्तर लिहिते.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायची पद्धत २८ दिवसांचं चक्र गृहीत धरते, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटलं असं मानते. तुमचं चक्र ३६-३८ दिवसांचं, म्हणजे बीजच आठ-दहा दिवस उशिरा सुटलं असणार. सातव्या-आठव्या आठवड्यात बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख सगळ्यांत भरवशाची असते. नऊ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर सोनोग्राफीची तारीख धरावी, असा सर्वमान्य नियम आहे. तुमचा फरक आठ दिवसांचा आहे. त्या हिशेबाने आज तुमचे ४० आठवडे ३ दिवस नसून ३९ आठवडे २ दिवस होतात. तारीख अजून उलटलेलीच नाही. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि शांतपणे दाखवा. मधेच आलेल्या पेशंटची फाइल चाळताना पहिल्या पानावरची तारीख धरली जाते, हे होतं.

आता थांबण्याचा धोका. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर वार (बाळाला पोसणारी) थकू लागते, पाणी कमी होतं, बाळ पोटातच शी करण्याचं प्रमाण वाढतं, आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका, मुळात फार लहान असला तरी, दर आठवड्याला चढत जातो. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणायच्या की ४२ पर्यंत थांबायचं, यावर मोठा अभ्यास सुरू होता. २७६० स्त्रिया झाल्यावर तो मधेच थांबवला, कारण थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. नंतर २०२० मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, त्यात २१ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. साधारण ५४४ जणींना वेळेत इंड्यूस केलं तर एक मृत्यू टळतो, असा हिशेब निघाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर इंडक्शन सुचवते, आणि बाकी काही तक्रार नसेल तर त्याआधी सुचवत नाही. मात्र हे सगळं तारीख पक्की असेल तरच.

दुसरा प्रश्न सीझरचा. २०१८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून जास्त निरोगी पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर इंड्यूस केलेल्यांत सीझर १८.६ टक्के, वाट बघितलेल्यांत २२.२ टक्के. म्हणजे इंडक्शनने सीझर वाढतं, हा समज सरसकट खरा नाही. पण हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या खासगी दवाखान्यांतलं सीझरचं प्रमाण ४७.४ टक्के होतं, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. जिथे धीर धरला जात नाही तिथे इंडक्शन सीझरकडे जातं, जिथे वेळ दिला जातो तिथे ते नॉर्मल होतं. सुरुवातीचा टप्पा, म्हणजे तोंड सहा सेंटिमीटर उघडेपर्यंतचा, पहिलटकरणीला २४ तास किंवा त्याहून जास्त लागू शकतो. आई आणि बाळ ठणठणीत असतील तर तेवढं थांबायला हवं. निशिगंध, तुमच्या बाबतीत नक्की काय घडलं ते मला माहीत नाही, पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

तिसरी गोष्ट, तोंडाची तयारी. आम्ही पाच गोष्टींना गुण देतो: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ की कडक, मागे की पुढे, आणि बाळाचं डोकं किती खाली. कडक म्हणजे नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, मऊ म्हणजे ओठांसारखं. सहा किंवा कमी गुण म्हणजे अजून तयारी नाही, आठच्या वर गेलं की कळा आणणं सोपं. उत्तररात्र यांचे गुण चांगले असणार. आपले गुण किती, हे डॉक्टरांना सरळ विचारा, विचारायला संकोच नको.

आणि सहीबद्दल. सही दोन्हीकडे घेतली जाते, जेल लावतानाही घेतात. ती धमकी म्हणून घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही. दोन्ही वाटांचे धोके समजावून सांगितले गेले का, हे त्यात महत्त्वाचं.

चिंचपाने
डॉक्टर, हे बुकमार्क करून ठेवलंय. माझ्या जावेला शेवटच्या महिन्यात तीन सोनोग्राफींत तीन तारखा मिळाल्या होत्या आणि अख्खं घर घाबरलं होतं.

थेम्सतीर
इंग्लंडमधून लिहितेय. इथे मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) ३९ आठवड्यांनंतरच्या भेटीत स्वीप हवं का म्हणून विचारते. तोंडात बोट घालून पडदा हलकेच सोडवतात, औषध काही नाही. दुखतं, थोडं रक्त दिसतं, पण त्याने पुष्कळ जणींच्या कळा आपोआप सुरू होतात. माझ्या नाही झाल्या. ४१ आठवड्यांना तोंडात फुग्याची नळी बसवली (फुगा फुगवून तोंड हळूहळू उघडतात) आणि घरी पाठवलं! पोटात नळी घेऊन मी स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी फुगा आपोआप निघाला, तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं, मग पाणी फोडलं आणि सलाइन लावलं.

परदेशातल्या मैत्रिणींसाठी एक मुद्दाम लिहिते. २०२१ मध्ये इथल्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात असं आलं होतं की आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना ३९ आठवडे पूर्ण होताच इंडक्शनचा विचार सुचवावा. त्यावर मिडवाइफ आणि आयांच्या संघटनांनी जोरदार हरकत घेतली आणि अंतिम सूचनांमधून ते काढलं गेलं. तरी माझ्या भारतीय मैत्रिणीला कोणीतरी अजूनही तोच मसुदा सांगत होतं. तेव्हा "तुम्ही एशियन आहात म्हणून" एवढंच कारण मिळालं तर पुढचा प्रश्न विचारा.

आजीचा_बटवा
माझी चार बाळंतपणं झाली, सगळी घरीच, सुईणीच्या हातची. दिवस वर गेले म्हणून कोणी कॅलेंडर घेऊन बसत नव्हतं. बाळ पिकलं की येतं. तुझी आई म्हणते ते बरोबर आहे पोरी. चालत राहा, उकिडवी बसून केर काढ, तूप-भात खा, शेवटच्या दिवसांत खजूर खा. आणि रात्री कोमट दुधात चमचाभर एरंडेल, आमच्याकडे हमखास द्यायचे.

वाडीवरची_सिस्टर
आजी, तुमचा मान राखून लिहिते. चालणं, उकिडवं बसणं, खजूर, काहीच हरकत नाही. खजुराने तोंड मऊ व्हायला मदत होते असे छोटे अभ्यासही आहेत. शुगर असेल तर मात्र विचारून. पण एरंडेल नको. जुलाब, उलट्या होतात, अंगातलं पाणी जातं, आणि बाई कळा सोसायच्या आधीच गळून जाते.

मी ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला काम करते. इथे शहरातल्या मुली जास्त आहेत, पण गावाकडच्या कोणी वाचत असतील तर दोन गोष्टी सांगते. एक, वाट बघायची असेल तर दवाखाना किती लांब आहे ते आधी बघा. आमच्याकडे घाटापलीकडच्या वाड्यांवरून पावसाळ्यात बाई येते तेव्हा १०२ ची गाडी पोचायलाच वेळ जातो. अशा बाईला आम्ही तारखेच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहायला सांगतो. नाशिक शहरात राहून वाट बघणं आणि वाडीवर राहून वाट बघणं यांत फार फरक आहे.

दोन, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. घरी किंवा गावातल्या कोणा डॉक्टरकडून "कळांचं इंजेक्शन" कधीही घेऊ नका. कळांचं औषध बाळ बाहेर येण्याआधी फक्त सलाइनमधून, थेंब मोजून, ठोके ऐकत द्यायचं असतं. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर आम्ही लगेच बंद करतो. कमरेवर टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. पिशवी एकसारखी आवळत राहते, बाळाचा प्राणवायू तुटतो, पिशवी फाटूसुद्धा शकते. तेच इंजेक्शन बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला आम्ही प्रत्येक बाईला देतो, तेव्हा ते जीव वाचवतं. अशी इंजेक्शनं घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात.

आजीचा_बटवा
बरोबर बोललीस सिस्टर. माझ्या जावेचं दुसरं बाळ पोटातच गेलं होतं, दिवस फार वर गेले होते तेव्हा. त्या काळी कोणाला काही कळायचं नाही. पोरी, तू डॉक्टरांना कागद दाखव आणि त्या म्हणतील तसं कर.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज नवरा आला, आम्ही दोघं रिपोर्ट घेऊन गेलो. डॉक्टरांनी पहिली सोनोग्राफी नीट पाहिली, स्वतःच तारीख खोडून नवीन लिहिली आणि म्हणाल्या, मग आपण थांबू. आठवड्यातून दोनदा एनएसटी (पट्टा बांधून बाळाचे ठोके तपासणं), एकदा पाण्याची सोनोग्राफी, बीपी रोज. ४१ आठवडे पूर्ण झाले की जेल, हे दोघांनीही मान्य केलं. गुण विचारले तर तीन म्हणाल्या.

एक शंका. काकू म्हणाल्या, शेवटी बाळाला जागा कमी पडते म्हणून हालचाल कमी होते, काळजी करू नको. हे खरंय का?

डॉ_प्रसूतिकक्ष
नाही. हे अगदी ठामपणे सांगते. शेवटच्या दिवसांत हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी सरकणं, वळणं जास्त जाणवतं. पण हालचाल कमी होत नाही. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर निजा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. नेहमीपेक्षा कमी वाटली तर मोजत बसू नका, गोड खाऊन बघू म्हणू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. परवा एनएसटी छान होती म्हणून आज चालेल, असंही नाही.

याशिवाय पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, वरच्या पोटात दुखतंय, किंवा तळहात-तळपायांना विलक्षण खाज सुटली, यांतलं काहीही झालं तर थांबण्याचा बेत तिथेच संपला. खाजेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. ती यकृताच्या त्रासाची खूण असू शकते आणि त्यात बाळाला धोका असतो.

उत्तररात्र
सासूबाईंना हा धागा वाचायला दे. माझ्या सासूबाईंना "थांबणं म्हणजे निष्काळजीपणा" वाटायचं, तपासण्यांचं वेळापत्रक दाखवल्यावर त्यांची काळजी निम्मी झाली.

गोदाकाठ
मुलगी झाली! ३ किलो १००. दोघी छान आहोत, आता लिहायला जरा सवड मिळाली.

नव्या तारखेप्रमाणे ४० आठवडे ५ दिवस झाले होते. सोमवारच्या सोनोग्राफीत पाणी ४ वर आलं. डॉक्टरांनी मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवलं, बाळाभोवतीची काळी जागा जवळजवळ दिसतच नव्हती. हालचाल चांगली होती, ठोके चांगले होते, पण त्या म्हणाल्या की आता वाट बघण्यात अर्थ नाही. या वेळी मला काहीच विचारावं लागलं नाही, कारण समोर होतं. तोवर तोंडही मऊ झालं होतं, एक बोट उघडलं होतं, गुण सहा. एकदा जेल, मग सलाइन. मधे बराच वेळ तोंड चार सेंटिमीटरवर अडून राहिलं. नवऱ्याने आधीच विचारून ठेवलं होतं की ठोके नीट असतील तर किती वेळ देणार, त्यामुळे तेव्हा घाबरायला झालं नाही. सिस्टर दर थोड्या वेळाने पोटावर हात ठेवून कळा मोजत होत्या. टाके पडले आहेत, बसताना दुखतं, पण नॉर्मल झालं.

सासूबाई येऊन राहिल्या आहेत आणि डिंकाचे लाडू वळताहेत.

निशिगंध
अभिनंदन गं! वाचून फार बरं वाटलं. तुला हवं ते उत्तर वेळेत मिळालं.

वाडीवरची_सिस्टर
अभिनंदन. अंगावर पाजायला त्रास झाला तर लगेच कोणाला तरी दाखव, पहिले दिवस महत्त्वाचे.

रानवारा
अभिनंदन गोदाकाठ. धाग्याला जोडूनच विचारते, डॉक्टर. माझं पहिलं सीझर झालं होतं, त्याला तीन वर्षं झाली. आता ३८ वा आठवडा चालू आहे. या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा आहे. तारीख उलटली तर मलाही जेल लावता येईल का?

डॉ_प्रसूतिकक्ष
तुमचं गणित वेगळं आहे. आधीच्या सीझरनंतर कळा आपोआप आल्या तर जुना टाका उसवण्याचा धोका साधारण २०० त १ असतो. औषधांनी कळा आणल्या तर तो दुपटी-तिपटीने वाढतो. कळा आणणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तर तुम्हाला चालणारच नाहीत. जेलबाबतही बहुतेक डॉक्टर हात आखडता घेतात आणि ते योग्य आहे. फुग्याची नळी हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग, थेम्सतीर यांनी सांगितला तोच, पण तुमच्या बाबतीत घरी जाऊन नाही, दवाखान्यात राहून. स्वीपचंही विचारून बघा.

तीन वर्षांचं अंतर चांगलं आहे. पहिलं सीझर कशासाठी झालं, हे सगळ्यांत महत्त्वाचं. बाळ आडवं किंवा पायाळू होतं म्हणून झालं असेल तर या वेळी नॉर्मलची शक्यता चांगली, तोंड पूर्ण उघडूनही बाळ उतरलं नाही म्हणून झालं असेल तर कमी. जिथे प्रयत्न कराल तिथे चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय हवी, आणि कळांमध्ये ठोके सतत पट्टीवर हवेत. ही सोय नसेल तर तिथे प्रयत्न करू नका.

या आठवड्यातच पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स मिळवा. पिशवीवरचा छेद आडवा, खालच्या भागात होता की उभा, हे त्यात लिहिलेलं असतं. पोटावरची खूण बघून ते कळत नाही. उभा असेल तर नॉर्मलचा प्रयत्नच करायचा नाही. डिस्चार्ज कार्डवर नसेल तर त्या हॉस्पिटलकडे लेखी अर्ज द्या, तुमचे कागद मिळणं हा तुमचा हक्क आहे.

रानवारा
कार्डवर नाहीये. उद्याच अर्ज देते.